ठच्या पोटातली गाठ

११ जानेवारी

आईने फोनवर तेच विचारलं, "कॉलेजचं काय ठरवलंस?" मी म्हटलं, "ठरवायचं काय त्यात? सोडलं ते सोडलं." मग ती गप्प बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प बसली की माझंच वाक्य माझ्या कानात फिरत राहतं. म्हणून ही वही काढली. वहीला निदान गप्प बसून छळता येत नाही.

कॉलेज का सोडलं ते एकदाच लिहून मोकळा होतो. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात मी झोताच्या बोटीचं पाणी ओढायचं तोंड लहानमोठं करण्याची युक्ती मांडली होती. प्राध्यापकांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि भर वर्गात म्हणाले, "युक्तीचं नंतर बघू. आधी हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग ते सांगा." वर्ग फिदीफिदी हसला. मी कागद त्यांच्या हातातून खेचला, फाडला आणि टेबलावर टाकला. माफी माग म्हणाले. मागितली नाही. एवढंच.

आता मामाच्या शेडमध्ये आहे. नदीकाठी पत्र्याची लांबलचक शेड, एका टोकाला वेल्डिंग, दुसऱ्या टोकाला डब्यांत राळ. तिचा वास जेवताना बोटांना येतो. मामा तीस वर्षं बोटी बांधतो. पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्याने त्याला पहिल्यांदाच झोताची बोट सांगितली आहे, पेशंट आणायला. ती बोट पास झाली तर मला कुणाचीच माफी मागावी लागणार नाही.

१५ जानेवारी

पाण्यात उतरवली आणि फजिती झाली.

झोताच्या बोटीला बाहेर पंखा नसतो. बुडाला चौकोनी तोंड असतं. आतला पंखा तिथून पाणी ओढतो आणि मागच्या नळीतून फेकतो. पाणी मागे, बोट पुढे. आमच्या नदीत जागोजागी दगडगोटे, बाहेरचा पंखा आठवड्यात तुटेल, म्हणून ही. पण भानगड तोंडाची. सावकाश चालताना तोंड मोठं हवं, नाहीतर पंखा हवा खातो, इंजिन बोंबलतं आणि बोट ढिम्म हलत नाही. वेगात तेच मोठं तोंड नको तितकं पाणी गिळतं आणि बोट नाक खुपसते. आज दोन्ही झालं, आळीपाळीने.

मामा काठावर डोक्याला हात लावून बसला. "उघडं ठेवावं तर ठसका, मिटावं तर उपास. काय करायचं या तोंडाचं?"

मी म्हटलं, "हलतं करायचं." आणि फाडलेलं चित्र पुन्हा काढून दाखवलं. तोंडाच्या मागच्या काठाला बिजागरीवर पोलादी पट्टी. खाली सोडली की ओंजळ धरल्यासारखं पाणी आत येतं, वर घेतली की तोंड मिटतं. पट्टीला जोडलेला दांडा चालकाच्या उजव्या हाताशी.

मामाने बराच वेळ बघितलं. "तुझं स्वतःचं तोंड एकाच मापाचं, कायम उघडं. आणि बोटीला मात्र शहाणपण शिकवतोस." पण लगेच पोलादाचा तुकडा शोधायला उठला.

२२ जानेवारी

पट्टीला मामाने नाव दिलं: ओठ. पंख्याच्या खेचण्याला शेडमध्ये पहिल्यापासून ओढ म्हणतात. म्हणजे ओठ खाली, ओढ जास्त. ओठ वर, ओढ कमी. आता दिवसभर आमचं तेच चालतं. "ओठ जरा खाली घे." "ओढ लागली का?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, दोघे मिळून गाणं रचतायत.

मामा माझी मापांची वही वाचत होता. "'ओढ दोन इंच खाली करणे.' अरे, ओढ कशी खाली करतात? ती लागते, नाहीतर नाही लागत."

"ओठ आहे ते, मामा."

"मग ठच्या पोटात ही गाठ कसली? जंत झालेत का त्याला? घाईत लिहिलंस की तुझा प्रत्येक ठ ढ होतो. दांड्याची पाटी आपण रंगाऱ्याकडून करून घेऊ."

डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, माझा ओठ, माझा दांडा, पाटीही मीच रंगवणार.

२९ जानेवारी

ती आली.

दवाखान्याची नर्स. स्ट्रेचर कुठे बसेल ते बघायला आली होती. टेप स्वतः आणली होती. मापं घेताना केस कानामागे टाकते आणि आकडा दोनदा पुटपुटते. मला म्हणाली, "काय इंजिनिअरसाहेब, तुमची बोट पेशंटला हलवणार की पेशंट बोटीला?" इंजिनिअर म्हटलेलं एरवी झोंबलं असतं. तिच्या तोंडून नाही झोंबलं.

मग तिने चालकाच्या जागेवर बसून बघितलं. "पाठ टेकायला काहीच नाही का? सहा सहा तास बसायचं असतं. त्यात याची कंबर धरते." बारीकसारीक गोष्टीसुद्धा हिला दिसतात. माझ्यासारखीच आहे. मी म्हटलं, उद्याच करतो.

"याची" म्हणजे दवाखान्याच्या चालकाची. मी त्याला मनात घुम्या म्हणतो. तिशी उलटलेला, उंच. दिवसाला दहा शब्द बोलतो आणि त्यांतले चार "हो" असतात.

३ फेब्रुवारी

पाठ तयार केली. लाकडाला बाक दिला, वर कॅनव्हास, आत काथ्या. तीन दिवस गेले, मामा चिडला. ती आली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती छान झालंय! कुणी एवढं करत नाही हो." डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. एका पाठीसाठी कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का? मला काय ते समजलं. बोट पास झाली की त्याच दिवशी बोलून टाकणार.

८ फेब्रुवारी

ती शेडच्या पायरीवर मफलर विणत बसली होती. निळा. मी विचारलं, "कुणासाठी?"

"थंडी वाजणाऱ्यासाठी," म्हणाली आणि खाली बघून हसली.

उद्यापासून स्वेटर घालणार नाही.

१२ फेब्रुवारी

शिंकून शिंकून हैराण. मामा म्हणतो, "स्वेटर कुणाला दान केलास का?" काढा पाजला. मफलर अजून पुरा झालेला दिसत नाही.

१९ फेब्रुवारी

बोट पळाली!

ओठ मी चालवत होतो, सुकाणू घुम्याकडे. ओठ खाली टाकून सुटलो, इंजिन एकदाही बोंबललं नाही. पुलाच्या खांबांपाशी, जिथे पाणी सगळ्यात जोरात धावतं, तिथे तर बोट जागच्या जागी उभी करून दाखवली. मग वेग आला तसतसा ओठ एकेक खाच वर घेतला आणि बोटीने नाक असं उचललं की काठावर मामा टोपी फेकून नाचला. पन्नाशीचा माणूस! घुम्यासुद्धा म्हणाला, "जमलं, भाचेराव." मी मामाचा भाचा म्हणून त्याने हे नाव ठेवलंय. त्याच्यासाठी म्हणजे भाषणच.

नदी कचेरीच्या साहेबांनी कागद दिला. दांड्यापाशी पाटी लावा, चालकाला नीट शिकवा, सोमवारपासून चालवा. पाटी उद्या रंगवतो. ती उद्या येणार आहे. उद्याच बोलणार. चार वाक्यं पाठ केली आहेत, त्यांतलं दुसरं जरा लांब आहे.

२० फेब्रुवारी

मफलर घुम्याच्या गळ्यात.

तिने स्वतः बांधला. बोटीवर, मी केलेल्या पाठीला तो टेकून बसला होता, ती समोर वाकून गाठ मारत होती. आणि तो हसत होता, बोलत होता. घुम्या! दहा शब्दांचा माणूस धबधब्यासारखा बोलत होता. मी पत्र्याआड उभा, हातात रंगाचा डबा. मला बघून ती म्हणाली, "या ना इंजिनिअरसाहेब! तुम्हालाच पहिल्यांदा सांगते. आम्ही वैशाखात लग्न करतोय."

अभिनंदन म्हटलं की नाही आठवत नाही.

शेडमध्ये येऊन पाटी रंगवली. वरच्या टोकाला दोन शब्द, खालच्या टोकाला दोन शब्द, चार शब्दांना कितीसा वेळ लागतो! ओल्या रंगातच स्क्रू मारले.

दुपारी तो आला. "भाचेराव, दांडा जरा शिकवता का? काल सगळं तुम्हीच केलंत."

मी म्हटलं, "पाटी आहे की. वाचता येतं ना?"

"येतं," म्हणाला आणि गेला.

२४ फेब्रुवारी

मामा म्हणतो, मी माणसात नाही. नाहीच आहे. बोट रोज जाते येते. मामाने घुम्याला सांगितलंय, "सध्या मधल्या खाचेत ठेव, भाचा ताळ्यावर आला की शिकवेल." मधली खाच वाऱ्याच्या दिवसापर्यंत पुरते. आईने विचारलं, आवाज असा का? म्हटलं, सर्दी. ते खोटं नव्हतं.

एक पाठ काय केली, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्यावर इमले बांधले. "याची कंबर धरते" म्हणाली होती. याची. मी ते ऐकलं होतं, लिहूनही ठेवलंय. मागचं पान उलटून बघितलं. लिहिलंय.

२ मार्च

आज वारा आहे. मामा सकाळी म्हणाला, "जा त्याच्याबरोबर एक फेरी, दांडा हातात दे." मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय.

डोकं दुखत नव्हतं.

२ मार्च, संध्याकाळ

दुपारी दवाखान्यातून फोन. मीच उचलला. लाइन खरखरत होती. "पुलापाशी... बोटं चिरडली..."

मला ऐकू आलं, बोट चिरडली. माझ्या मनात पहिला विचार आला: माझा ओठ. मी विचारलं, "ओठ शाबूत आहे का? बुडाची पट्टी?"

तिकडून कुणीतरी ओरडलं, "बोट नाही हो! बोटं! चालकाची बोटं! हात गेला त्याचा!"

३ मार्च

मामा जाऊन आला. जे कळलं ते असं. तापाने फणफणलेल्या एका म्हातारीला घेऊन येत होते. ती, म्हणजे नर्स, स्ट्रेचरशी. पुलाच्या खांबांमध्ये वाऱ्याने बोट आडवी व्हायला लागली. वेग जवळजवळ नव्हता, ओढ वाढवायला हवी होती. त्याने दांडा वर ढकलला. वर! ओठ मिटला, पंखा उपाशी, इंजिन किंचाळलं आणि बोट पानासारखी खांबाकडे सरकली. म्हातारीचं डोकं त्याच बाजूला होतं. त्याने बोट आणि खांब यांच्यामध्ये हात घातला.

म्हातारीला ओरखडा नाही. त्याचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

मामा म्हणाला, "वर का ढकलला असेल रे? मूर्खालासुद्धा कळेल, ओढ हवी तर ओठ खाली." मग त्याने माझ्याकडे बघितलं. मला ती नजर कळली नाही.

४ मार्च

कळली.

बोट शेडमध्ये ओढून आणली आहे. मामा बाहेर गेल्यावर चढलो. पाटी बघितली. वरच्या टोकाला माझ्या अक्षरात: ओढ वर. ठच्या पोटात गाठ आहे. गाठ कसली, चांगला ठसठशीत वळसा आहे. ओढ वर. मीही तेच वाचलं. खालचा ठ मात्र स्वच्छ आहे: ओठ खाली. न शिकवलेल्याने दोन्ही टोकं एकत्र वाचली तर अर्थ एकच निघतो. वर ढकललं की ओढ वाढते, खाली ओढलं की नुसती पट्टी खाली पडते. पाण्यात त्या घटकेला कोण विचार करत बसणार?

मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं नाही. मुद्दाम केलं नाही.

तीनदा का लिहावं लागतंय? वरचा शब्द लिहिताना मला काय दिसत होतं ते मला माहीत आहे. ती वाकून गाठ मारत होती.

७ मार्च

दिवसभर रंधा मारतो. मामा "हे फळकुट आता कागद होईल" म्हणाला, हसला नाही. मीही नाही.

साहेब दहा तारखेला चौकशीला येणार. दोष चालकाचा ठरला तर परवाना तर जाईलच, दवाखान्यात औषधांच्या कोठीवर बसायचं कामसुद्धा देणार नाहीत. मी बोलणार आहे. साहेबांना पाटी दाखवणार. चार वाक्यं पाठ करतोय. या वेळी दुसरं वाक्य लहान आहे.

१० मार्च

बोललो नाही.

साहेब आले, मामा, दवाखान्याचे दोघे, ती, आणि तो. हात गळ्यातल्या झोळीत, चेहरा खडूसारखा. साहेबांनी विचारलं, "दांडा वर का ढकलला?"

"पाटीवर ओढ वर लिहिलं होतं."

"ओढ?" साहेब हसले. "ती पाटी आहे की प्रेमपत्र?" दवाखान्याचे दोघेही हसले. "चला, बघू."

सगळे बोटीपाशी गेले. मी मागे. मनात म्हटलं, आता दिसेलच, मला तोंडही उघडावं लागणार नाही. किती बरं वाटलं त्या दहा पावलांत, लाज वाटते लिहायला.

पाटीवर सुबक, गोल, रिकाम्या पोटाचा ठ. ओठ वर. ओठ खाली. रंगाऱ्याचं अक्षर.

त्याने पुढे वाकून बघितलं. पुन्हा बघितलं. डावा हात पुढे करून त्या ठवर बोट फिरवलं. "हे असं नव्हतं," म्हणाला. इतकंच. दहा शब्दांचा माणूस.

साहेबांनी लिहून घेतलं: चालकाने पाटी चुकीची वाचली.

ती साहेबांकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही. माझ्याकडे बघत होती. मी बुटाकडे.

सगळे गेल्यावर मामाला विचारलं, "पाटी तू बदललीस?"

"कसली पाटी?"

"मामा."

तो स्टुलावर बसला. एकदम म्हातारा दिसला. "तुझ्या आईला शब्द दिलाय मी, पोराला माणूस करून पाठवतो म्हणून. त्याचा हात आता परत येणार आहे का? एक बुडाला. दोघांना बुडू देऊ?"

"पण तो बुडालेला नाही, मामा. त्याला आपण बुडवतोय."

मामाने भंगाराच्या पिंपाकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली.

११ मार्च

पिंपात कीस होता, गंजलेले खिळे होते, तुटका कोयंडा होता. सगळ्यात खाली पाटी. दोन तुकडे करायचे मामाच्या जिवावर आलं असावं, नुसतीच वाकवलेली आहे.

१४ मार्च

तीन दिवस पाटी गादीखाली. तीन दिवस मी तिच्यावर झोपलो. रोज उठून ठरवतो, रोज काहीतरी काम निघतं. माझ्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. प्राध्यापकासमोर कागद फाडायला फार शूर होतो.

१५ मार्च

गेलो.

दवाखान्याच्या लांब खोलीत शेवटची खाट. तो डोळे मिटून पडला होता. उशाशी निळा मफलर घडी करून. ती स्टुलावर बसून त्याची नखं कापत होती, डाव्या हाताची. आधी ती तो स्वतःच उजव्या हाताने कापत असणार.

मी शर्टातून पाटी काढली आणि तिच्या हातात दिली. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. म्हटलं, "वाचा."

तिने वाकलेला पत्रा सरळ केला आणि न अडखळता वाचलं, "ओढ वर."

मग, "कुणाचं अक्षर?"

"माझं. ठ आहे तो. ठ लिहायचा होता."

"आणि त्याने शिकवा म्हटलं होतं. सांगितलंय त्याने मला. का नाही शिकवलंस?"

पहिल्यांदाच मला तू म्हणाली. अशा वेळी. मी उशाकडे बघितलं. मफलरकडे. तिने माझी नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मला दिसलं ते. तिने नखं कापायची कात्री खाली ठेवली, फार हळू, जणू हातात राहिली तर काही होईल.

तो जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "भाचेराव, कागद आणलाय का?"

"कसला?"

"साहेबांना द्यायचा. लिहा. मला आता लिहिता येत नाही."

१६ मार्च

त्याच्या खाटेशी बसून चार कागद फुकट गेले. पाचव्यावर झालं. तो सांगत होता, मी लिहीत होतो. एकेक ठ काढताना श्वास धरत होतो, गोल, पोट रिकामं. माझा भाग मी न विचारता घातला: पाटी मी रंगवली, शिकवायला मी नकार दिला, का ते मला माहीत आहे. मामाने पाटी बदलली हेही लिहावं लागलं. ते वाक्य लिहिताना हात थांबला. तो म्हणाला, "राहू द्या हवं तर." मी लिहिलं. ते गाळलं असतं तर त्याने वाचलेली पाटी पुन्हा खोटीच ठरली असती.

शेवटी त्याने डावा अंगठा उमटवला. मी विचारलं, "वाचून दाखवू?"

"तुम्ही नको. ती वाचेल."

तिने वाचलं. ताप किती, नाडी किती, ते वाचावं तसं, सपाट आवाजात. "'ओठ वर' असे लिहायचे होते, ते 'ओढ वर' असे झाले." दोन्ही शब्द बरोबर वाचले, कुठेही अडली नाही. मग कागदाची घडी घातली, पाटीबरोबर स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि साहेबांच्या कचेरीकडे निघाली. दारातून वळून बघेल असं वाटलं. नाही बघितलं.

शेडमध्ये आलो तेव्हा मामा बोटीवरून ओठ उतरवत होता. मी काय करून आलो ते सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला नाही. बिजागरीचा शेवटचा बोल्ट निघाला, पट्टी माझ्या पायाशी पडली.

"धर," म्हणाला, "दुसरं टोक धर. एकट्याला उचलवणार नाही ती."